सेनाधुरंधर मुधोजी भोसले : नागपूरच्या ताटस्थ्याची कथा

जबलपूरच्या गढा भागातील मदनमहालाच्या शिळांवर उभे राहिले म्हणजे गोंड राजवटीच्या वैभवाची आठवण होते. राणी दुर्गावतीचे नाव येथे अजून घरोघरी घेतले जाते. या भूमीवर मराठ्यांचाही अंमल होता याची आठवण मात्र पुसट झाली आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी अखेरच्या गोंड राजाला पदच्युत केले आणि आपले ठाणे जबलपुरास आणले. १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे हे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले. पहिले सत्तांतर तलवारीने झाले, दुसऱ्याचा पाया तहनाम्यात होता. आणि तो तहनामा ज्याने केला त्या मुधोजी भोसल्याला १७९८ पूर्वीच दहा वर्षे मृत्यू आलेला होता. एका मोठ्या युद्धात नागपूरने जी अलिप्तता पत्करली, तिच्याशी या प्रदेशाचे भवितव्य कसे गुंतले होते, हे मुधोजीचे चरित्र पाहिल्याशिवाय उमगत नाही.

पहिल्या रघूजी भोसल्याला जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी असे चार पुत्र होते. १७५५ मध्ये रघूजी वारला तेव्हा राज्याचा विस्तार वऱ्हाडापासून कटकपर्यंत झालेला होता. जानोजी वयाने वडील, परंतु मुधोजी थोरल्या राणीचा पुत्र. त्यामुळे वारशाचा तंटा अटळ होता. पुण्याच्या दरबाराने जानोजीला सेनासाहेबसुभा हे पद दिले, मुधोजीला सेनाधुरंधर हा किताब व चांद्याचा प्रांत दिला, आणि बिंबाजी छत्तीसगडात रतनपुरास गेला. भावांची समजूत पडली असे वरकरणी दिसले. घराच्या वाटणीचा निवाडा मात्र यापुढे पुण्यात होणार हेही त्याच वेळी ठरून गेले, आणि या अवलंबित्वाची टोचणी मुधोजीच्या मनात जन्मभर राहिली असावी.

जानोजीच्या कारकिर्दीने त्याला राजकारणाचे पहिले धडे दिले. १७६३ मध्ये जानोजी प्रथम निजामाच्या बाजूने उभा राहिला आणि राक्षसभुवनच्या लढाईच्या वेळी पेशव्यांकडे वळला. या उलाढालींत देवाजीपंत चोरघडे याचे नाव पुढे येते. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत ज्याची पूर्ण शहाणा म्हणून गणना झाली तो हाच कारभारी. नाना फडणिसाला त्या गणतीत अर्धेच स्थान मिळाले, हा लोकबुद्धीचा एक गमतीदार निवाडा होय. दोन प्रबळ सत्तांच्या मध्ये वसलेल्या राज्याने आपले वजन शेवटच्या क्षणापर्यंत कोणत्याच पारड्यात टाकू नये, हे देवाजीपंताच्या राजनीतीचे सूत्र दिसते. त्या सूत्राची किंमतही नागपूरने मोजली. माधवराव पेशव्याने जानोजीवर स्वाऱ्या केल्या आणि १७६९ मध्ये कनकापूरचा तह त्याला स्वीकारावा लागला.

१७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारला. मुधोजीचा मुलगा रघूजी याला त्याने दत्तक ठरविले होते. साबाजीने मात्र कारभार हाती घेतला आणि तीन वर्षे नागपूरचा मुलूख भाऊबंदकीत होरपळला. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेस पाचगावच्या मैदानावर शेवटची गाठ पडली. लढाई मुधोजीच्या हातून जवळजवळ गेलेली होती. विजय हाती आला असे समजून साबाजीने आपला हत्ती भावाच्या हत्तीवर घातला, आणि मुधोजीने पिस्तुलाच्या एका गोळीने त्याला ठार केले. राज्य मिळाले, परंतु नावाने ते अल्पवयीन पुत्राचे होते, पदाची वस्त्रे पुण्याहून यावयाची होती, शिलेदारांचे पगार थकलेले होते, आणि भ्रातृहत्येचा डाग कपाळी लागला होता. मुधोजीच्या पुढील वर्तनाचा विचार करताना हा प्रारंभ विसरून चालणार नाही.

पाचगावानंतर अवघ्या चाळीस दिवसांनी, ७ मार्च १७७५ रोजी, राघोबादादाने मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड लागले. ते सात वर्षे चालले. गुजरात, कोकण, माळवा या रणक्षेत्रांपासून नागपूर दूर होते. तरी कलकत्त्याच्या दृष्टीने भारतातील दुसरे कोणतेही राज्य इतक्या मोक्याच्या जागी नव्हते. बंगाल आणि मद्रास यांच्यामधला ओरिसाचा किनारा भोसल्यांच्या ताब्यात, आणि गंगेच्या खोऱ्यातून पश्चिम किनाऱ्याकडे जाणारी वाट त्यांच्या सरहद्दीजवळून जाणारी. वॉरन हेस्टिंग्ज हे पुरेपूर जाणून होता. मुधोजीचा वकील बेनीराम पंडित याच्याशी त्याने जिव्हाळ्याचे संबंध ठेवले होते. हा जिव्हाळा एकतर्फी नव्हता. १७८१ च्या ऑगस्टमध्ये काशीच्या चेतसिंगाच्या उठावामुळे हेस्टिंग्जला चुनारच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला, तेव्हा बेनीराम आणि त्याचा भाऊ यांनी आपला एक लाख रुपयांचा ठेवा त्याच्यापुढे ठेवला.

१७७७ च्या अखेरीस साताऱ्याचे रामराजे निवर्तले. मुधोजी भोसले कुळातला. तेव्हा छत्रपतींच्या गादीवर त्याचा हक्क पुढे करावा आणि कंपनीने पाठबळ द्यावे, अशी कल्पना हेस्टिंग्जने मांडली. पुण्याच्या मंत्रिमंडळाला शह देण्याचा हा डाव होता. त्यासाठी १७७८ मध्ये अलेक्झांडर इलियट या तरुण वकिलाला त्याने नागपूरकडे रवाना केले. सारंगगडाच्या रानात तापाने ग्रासून १२ सप्टेंबरला इलियट मरण पावला आणि प्रकरण थंडावले. पुढे सेनापती गॉडर्डकडून तीच बोलणी पुन्हा सुरू झाली, पण मुधोजीने गादीच्या मोहाला मान दिली नाही. साताऱ्यावर हक्क सांगणे म्हणजे पुण्याशी उघड वैर, आणि ज्याच्या घरातच वारशाची जखम ताजी आहे त्याने दुसऱ्याच्या वारशात पडणे शहाणपणाचे नव्हते. या एका प्रसंगी तरी त्याची सावधगिरी निःसंशय प्रशंसनीय ठरते. तशात जानेवारी १७७९ मध्ये वडगावास मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांपुढे मान तुकविली. पडत्या पक्षाशी सोयरीक करण्याची ती वेळ नव्हती. गॉडर्डची फौज मात्र बुंदेलखंड, भोपाळ, होशंगाबाद, बऱ्हाणपूर अशी मजल मारीत फेब्रुवारीत सुरतेस पोहोचली. भोपाळच्या नवाबाने तिला साह्य केले. मुधोजीने साह्यही केले नाही, वाटही अडविली नाही.

येथपर्यंत त्याच्या अलिप्ततेला एक सरळपणा आहे. पुढची तीन वर्षे तशी नाहीत. नाना फडणिसाने हैदर, निजाम आणि भोसले यांना एकत्र गुंफून चौकडीचा कट उभा केला. हैदराने कर्नाटकात उतरावे, निजामाने उत्तर सरकारांवर जावे, पुणेकरांनी गुजरात व कोकण सांभाळावे आणि भोसल्यांनी बंगाल्यावर चालून जावे, अशी योजना होती. मुधोजीने होकार दिला. ऑक्टोबर १७७९ मध्ये त्याचा धाकटा मुलगा खंडोजी ऊर्फ चिमणाबापू तीस हजार स्वारांनिशी नागपुराहून निघाला आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात कटकास पोहोचला. ज्यांच्या आजोबांच्या घोड्यांनी हीच वाट एका हंगामात अनेकदा तुडविली, त्यांना सात महिने लागले! पुण्याच्या भीतीने फौज पाठवावी लागत आहे, ती सावकाश येईल, हे मुधोजीने कलकत्त्यास आधीच कळविले होते.

महानदीच्या तीरावर ती फौज बसून राहिली. तिची उपासमार होऊ लागली, पगार तुंबले. हेस्टिंग्जने प्रथम तीन लाख रुपये पोहोचविले; १७८१ च्या एप्रिलमध्ये कटकच्या राजारामपंताशी करार होऊन आणखी तेरा लाख देण्याचे आणि दहा लाख कर्जाऊ उभे करण्याचे ठरले. बंगालमधून मद्रासकडे निघालेली कर्नल पिअर्सची फौज ओरिसातून निर्वेध पुढे गेली आणि ऑगस्टमध्ये सर आयर कूटला मिळाली. हैदर ज्या शत्रूशी कर्नाटकात एकाकी झुंजत होता, त्याला ही कुमक भोसल्यांच्या मुलखातून मिळाली, ही गोष्ट कितीही सहानुभूतीने पाहिली तरी झाकता येत नाही. याच बोलण्यांत गढामंडल्याच्या स्वारीचाही विषय होता. त्या प्रदेशावर नागपूरचा डोळा नानासाहेब पेशव्याने १७४२ मध्ये मंडल्यावर स्वारी केली तेव्हापासूनचा.

या सोळा लाखांना काय म्हणावे? कलकत्त्याच्या हिशेबी ती शांततेची किंमत होती. नागपूरच्या दृष्टीने प्रश्न असा सुटसुटीत नव्हता. अलीवर्दीखानाने १७५१ मध्ये बंगालच्या चौथाईचे बारा लाख रुपये दरसाल कबूल केले होते, आणि दिवाणी कंपनीकडे गेल्यापासून ही मागणी इंग्रजांनी कधी मान्य केली नव्हती. थकलेल्या बाकीची उगवणी म्हणून नागपूरच्या दप्तरात ही रक्कम मनाला लावून घेता येण्याजोगी होती. प्रस्तुत लेखकाच्या मते मुधोजीला लाचखाऊ ठरविणाऱ्यांनी या जुन्या येण्याचा पुरेसा विचार केलेला नाही. तथापि मित्रांना दिलेला शब्द तेवढ्याने पाळला गेला असे होत नाही.

आणि जी फौज बंगाल्यावर गेली नाही ती शस्त्र म्यान करून बसली होती असेही नाही. पोटासाठी आणि खंडणीसाठी चिमणाबापूने ढेंकानाळच्या राजावर हत्यार उपसले. त्या युद्धावर ब्रजनाथ बडजेना या उडिया कवीने समरतरंग हे काव्य रचले आहे. ज्या मोहिमेला मराठ्यांच्या राजकारणात एका फसलेल्या स्वारीपलीकडे स्थान नाही, तीच उडिया साहित्यात एका वीरकाव्याचा विषय झाली. मोठ्यांच्या युद्धात तटस्थ राहणारा लहानाशी कसा वागतो, याची ही साक्ष मराठी अभ्यासकाने नजरेआड करू नये. नागपूरकर भोसल्यांची काशीराव राजेश्वर गुप्त्याची बखर आणि हे काव्य शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.

आपल्या नीतिशास्त्रातील षाड्गुण्याची परिभाषा येथे उपयोगी पडते. स्वस्थ बसून राहणे ते आसन. एकाशी संधी आणि दुसऱ्याशी विग्रह तो द्वैधीभाव. १७७९ पर्यंतचे मुधोजीचे वर्तन आसनात मोडते. कटकच्या प्रकरणानंतर ते द्वैधीभावाच्याही पलीकडे गेले, कारण विग्रह कोणाशी आणि संधी कोणाशी हे त्याने दोन्ही पक्षांना वेगवेगळे सांगितले. तटस्थ या शब्दात तीरावर उभे राहणाऱ्याची स्थिरता गृहीत धरलेली असते, आणि पैलतीराशी गुप्तपणे नावाडी ठरविणाऱ्याला तो शब्द पुरता लागू पडत नाही.

अलिप्त राहणाऱ्याला अखेरीस मध्यस्थीचा मान मिळावा अशी अपेक्षा असते. तो मानही मुधोजीच्या हातून निसटला. १७८० च्या शरद ऋतूत हेस्टिंग्जने पुण्याशी करावयाच्या तहाच्या अटी प्रथम नागपूरकडेच धाडल्या होत्या. परंतु पुण्याचा मुधोजीवर विश्वास उरला नव्हता, आणि १७८१ मध्ये देवाजीपंत मरण पावल्याने बोलणी चालविणारा हात गेला. १७ मे १७८२ रोजी सालबाईस तह झाला तो महादजी शिंद्यांच्या हस्ते. महादजी इंग्रजांशी रणात लढला होता, हरला होता, जिंकला होता. म्हणून त्याच्या शब्दाला दोन्हीकडे वजन आले. मुधोजी लढला नव्हता.

मग त्याने पुण्याकडे तोंड वळविले. १७८५ मध्ये पेशव्यांशी करार होऊन मंडला आणि नर्मदेचे वरचे खोरे नागपूरला देण्याचे ठरले. त्यासाठी सत्तावीस लाख रुपये पुण्याच्या खजिन्यात भरण्याचे मुधोजीने कबूल केले. दुसऱ्या वर्षी टिपूवरील मोहिमेत तो नानाबरोबर बदामीच्या वेढ्यास जातीने हजर राहिला. जणू जुनी गैरहजेरी भरून काढावयाची होती. प्रदेशाचा प्रत्यक्ष ताबा मात्र कागदावरच राहिला. १९ मे १७८८ रोजी मुधोजी वारला आणि सेनासाहेबसुभा दुसऱ्या रघूजीच्या हाती सगळी सूत्रे आली. बिंबाजी आदल्या वर्षी गेला होता, चिमणाबापू पुढच्या वर्षी गेला.

जबलपूर भोसल्यांकडे आले ते रघूजीच्या काळात, १७९८ साली. ज्या कटकसाठी हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले होते ते १८०३ मध्ये देवगावच्या तहाने इंग्रजांनी फुकट घेतले. त्या युद्धात रघूजी तटस्थ राहिला नव्हता. नर्मदेचे खोरे आणखी चौदा वर्षे टिकले. १८१७ च्या नोव्हेंबरात मुधोजीचा नातू आप्पासाहेब सीताबर्डीस हरला आणि १९ डिसेंबरला हार्डिमन या इंग्रज सेनानीने जबलपूरची भोसल्यांची शिबंदी मोडून शहर घेतले. पुढच्या मे महिन्यात कैदी आप्पासाहेबाला याच वाटेने अलाहाबादेस नेत होते. जबलपूर अलीकडे एका मुक्कामावर रात्री शिपायाचा वेष करून तो पहाऱ्यातून निसटला आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेला.