दाब सुटला की दगड का तुटतो? पर्सी ब्रिजमन यांची गोष्ट

फ्रीजमधला बर्फ पाण्यावर तरंगतो. पण प्रचंड दाबाखाली पाण्यात बुडणारा बर्फही तयार होतो, आणि 100 अंश सेल्सिअसला न वितळणाराही! या बर्फांच्या मागे लागलेल्या माणसाच्याच एका प्रयोगातून दगड फुटण्याचं एक कोडं सुटलं.

पर्सी ब्रिजमन यांचा जन्म 1882 चा, अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातला. शिक्षण हार्वर्डला, पुढे नोकरीही तिथेच. त्या काळी दाब साधारण 3,000 वातावरणांच्या वर गेला की उपकरणं गळायला लागायची. ब्रिजमन यांनी असं सील बनवलं, की आतला दाब वाढेल तसं ते आणखी घट्ट बसतं. आता मर्यादा उरली फक्त पोलादाच्या ताकदीची.

मग त्यांनी पाणी दाबलं. जाड पोलादी नळकांड्याच्या आतलं काहीच दिसत नव्हतं. माझ्या भाषेत सांगायचं तर स्क्रीन नाही, फक्त लॉग! दाब मोजायला मँगॅनिनची तार होती. दाबाने तिचा विद्युतरोध बदलतो. आणि दट्ट्या एकदम आत सरकला, की समजायचं, पाण्याने रूप बदललं. 1912 मध्ये त्यांनी बर्फाचे दोन नवे प्रकार नोंदवले. त्यातला एक सुमारे 10,000 वातावरणांच्या दाबाखाली खोलीच्या तापमानालाच गोठतो. दाब काढला की पुन्हा पाणी.

त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग मला जास्त भारी वाटतो. एक कांडी दाबाच्या नळकांड्यातून आरपार घातली, दोन्ही टोकं बाहेर मोकळी. दाब फक्त बाजूंनी. वाटेल, कांडी चिरडेल. पण ती आडवी तुटली, कुणीतरी दोन्हीकडून ओढल्यासारखी! ओढलं तर कुणीच नव्हतं.

आता जमिनीखाली चला. खोलवर दगड सगळीकडून दाबलेला असतो. ड्रिलने त्याचा गोल गाभा कापताना टोकाकडचा दाब सुटतो, बाजूंचा मात्र राहतो. कधीकधी त्या गाभ्याच्या चकत्या पडतात, बिस्किटाच्या पुड्यासारख्या. 1963 मध्ये जॉन जेगर आणि नेव्हिल कुक या अभ्यासकांनी या चकत्यांचा संबंध ब्रिजमन यांच्या कांडीशी जोडला. खाणीत ही धोक्याची सूचना असते. साधारणपणे चकत्या जितक्या पातळ, तितका खडकातला ताण जास्त, आणि भिंतीतून दगड उडण्याची भीतीही जास्त.

ब्रिजमन यांना 1946 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. 1961 मध्ये ते गेले. चकत्यांचा तो निबंध यायला अजून दोन वर्षं होती.