साता समुद्रापलीकडून आलेली सून : सावित्रीबाई खानोलकर

॥ श्री गुरवे नमः ॥



आपल्या घरांत आता वेगळ्या भाषेच्या, कधी वेगळ्या धर्माच्याही सुना येतात. आल्या आल्या आपण विचारतो, आरती पाठ आहे का, नैवेद्य दाखवता येतो का? बिचारी गोंधळते. म्हणून आज आम्ही सावित्रीबाई खानोलकरांचं चरित्र सांगत आहोत.

त्यांचं माहेरचं नाव ईव्ह. जन्म २० जुलै १९१३ चा, स्वित्झर्लंडमधला. वडील हंगेरीचे, आई रशियाची. आई लवकर गेली. मुलगी पुस्तकांत रमली आणि त्या पुस्तकांतूनच तिला भारताची ओढ लागली. पुढे विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी ओळख झाली. ते तेव्हा इंग्लंडमध्ये सैनिकी शिक्षण घेत होते. मुलीला इतक्या लांब पाठवायला वडील राजी नव्हते. तरी ती आली आणि १९३२ साली लग्न होऊन ईव्हची सावित्री झाली.

लग्नानं नाव बदललं, पण धर्म काही एका दिवसात कळत नाही. सावित्रीबाई अगदी पहिल्या पायरीपासून शिकल्या. साडी, शाकाहार, मराठी बोली अंगवळणी पडली. हिंदी आली, संस्कृत आलं. पतीची बदली पाटण्याला झाली, तेव्हा तिथल्या विद्यापीठात जाऊन त्यांनी वेद-उपनिषदांचा अभ्यास केला. पुराणकथा तर त्यांना अशा अवगत झाल्या की जाणकारांनीही विचारायला यावं. आपल्याला कोणी परदेशी म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे.

या अभ्यासाचं फळ साऱ्या देशाला मिळालं. स्वातंत्र्यानंतर नवी शौर्यपदकं घडवायची होती. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम सावित्रीबाईंवर सोपवलं. त्यांना दधीची ऋषी आठवले. वृत्रासुराला मारण्यासाठी ऋषींनी आपली हाडं देवांना दिली, त्यांचंच इंद्राचं वज्र झालं. स्वतःचा देह देणाऱ्या वीराला याहून योग्य खूण कोणती? परमवीर चक्रावर मध्ये राजमुद्रा आणि भोवती चार वज्रं आहेत. २६ जानेवारी १९५० रोजी हे पदक सुरू झालं. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांना मरणोत्तर मिळालं. काश्मिरात बडगामला ३ नोव्हेंबर १९४७ रोजी ते धारातीर्थी पडले होते. सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे ते सख्खे दीर. दधीचींची कथा अशी त्यांच्या स्वतःच्याच सोयऱ्यांत येऊन पोचली.

१९५२ साली पतीचं निधन झालं. सावित्रीबाई खचल्या नाहीत. सैनिकांच्या कुटुंबांसाठी आणि फाळणीत उजाडलेल्यांसाठी त्यांनी काम केलं, रामकृष्ण मठाच्या आश्रयानं साधना केली. महाराष्ट्रातल्या संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांनी देह ठेवला.

आम्हाला एवढंच वाटतं, की नव्या सुनेची परीक्षा घेण्याची घाई आपण करू नये. देवापुढे दिवा लावताना तिला जवळ बसवावं, त्या देवाची एक गोष्ट सांगावी. तिनं 'असं का?' विचारलं तर रागावू नये. आपल्यालाच उत्तर येत नसेल, तर दोघींनी मिळून शोधावं. सासूबाईंचीही उजळणी होईल!

सर्वांवर गुरुकृपा राहो.