संत मार्टिन : अर्ध्या झग्याचे धनी
(सण : ११ नोव्हेंबर)



सर्व संतांचा सण आणि मृतांचा दिन आपण भक्तिभावाने पाळतो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी येणारा संत मार्टिनचा सण मात्र आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून आज या संताची ओळख करून घेऊ या.

मार्टिन यांचा जन्म चौथ्या शतकात आजच्या हंगेरीत, ख्रिस्ती नसलेल्या घरात झाला. वडील रोमन सैन्यात होते. नियमानुसार मुलालाही सैनिक व्हावे लागले. फ्रान्समधील आमियें शहराच्या वेशीवर ऐन हिवाळ्यात त्यांना एक कुडकुडणारा भिकारी दिसला. त्यांनी तलवारीने आपला झगा कापला आणि अर्धा त्याला दिला. त्या रात्री तोच अर्धा झगा पांघरलेले प्रभू येशू त्यांना स्वप्नात दिसले. तेव्हा मार्टिन यांचा स्नानसंस्कारही झालेला नव्हता.

पुढे सैन्य सोडून ते संत हिलरी यांचे शिष्य व मठवासी झाले. ३७१ च्या सुमारास तूरच्या लोकांनी त्यांना आग्रहाने बिशप केले. ते टाळण्यासाठी मार्टिन हंसांमध्ये लपले व हंसांच्या कलकलाटामुळे सापडले, अशी आख्यायिका आहे.

त्यांची खरी कसोटी ३८५ च्या सुमारास लागली. प्रिसिलियन या पाखंडी ठरवलेल्या बिशपांना सम्राटाने देहदंड देऊ नये, म्हणून त्यांनी रदबदली केली. चुकीची शिकवण त्यांना मान्य नव्हती. पण श्रद्धेच्या नावाने रक्त सांडणेही मान्य नव्हते. त्यांना यश आले नाही. पुढे इतरांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी त्या देहदंडामागच्या बिशपांशी एकदा सहभागिता राखली आणि त्याची खंत आयुष्यभर बाळगली. संतांनाही असे पेच चुकले नाहीत.

३९७ मध्ये कांद येथील धर्मगुरूंचे भांडण मिटवायला गेले असता त्यांचे निधन झाले. ११ नोव्हेंबरला तूर येथे त्यांचे दफन झाले.

जर्मनीत या सणाला मुले कंदील घेऊन मिरवणूक काढतात. काही ठिकाणी हंसाचे मांस व नवा द्राक्षारस असतो. पूर्वी याच सणानंतर नाताळपूर्व उपवास सुरू होत असे. फ्रँक राजांनी जपलेल्या त्यांच्या झग्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरूनच ‘चॅपल’ हा शब्द आला.

मार्टिन यांनी उरलेल्या अर्ध्या झग्यात थंडी सोसली. दान देताना आपल्यालाही थोडी थंडी लागते का? भाऊबंदकीचे एखादे भांडण मिटवायला आपण स्वतःहून जातो का? या सणाच्या निमित्ताने आपण स्वतःला एवढे विचारू या.

आपले धर्मगुरू