जनाबाईंच्या गोवऱ्या आणि आमची चिमणी

परभणीहून परळीला जाताना गोदाकाठचं गंगाखेड लागतं. संत जनाबाई या गावच्या. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मला वर्ड्सवर्थ आधी भेटला आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जनाबाई फार नंतर.

त्यांच्या जन्माचं नक्की साल ठाऊक नाही. काळ तेराव्या शतकाचा. परंपरेप्रमाणे वडिलांचं नाव दमा, आईचं करुंड. आई लवकर गेली. वडिलांनी लहानग्या जनीला पंढरपूरला नेऊन दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेवलं. याच घरातले नामदेव. जनाबाईंनी त्या घरात जन्मभर कामं केली आणि अभंगांतून स्वतःची ओळखही नामदेवांची दासी अशीच करून दिली.

कामं तरी किती! दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणं, शेण गोळा करून गोवऱ्या थापणं. त्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत आणि त्यांत ही सगळी कामं येतात. गंमत म्हणजे त्यांचा विठ्ठल देवळात नुसता उभा राहत नाही. तो जात्याला हात लावतो, शेणी वेचू लागतो, जनीची वेणीसुद्धा घालतो.

गोवऱ्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. कबीर भेटायला आले तेव्हा जनाबाई गोवऱ्यांवरून दुसऱ्या बाईशी भांडत होत्या. माझ्या कुठल्या ते कसं ओळखायचं? तर ज्या गोवरीतून विठ्ठलाचं नाव ऐकू येईल ती माझी. कबीर पंधराव्या शतकातले, त्यामुळे इतिहासात ही भेट बसत नाही. पण गोवरी ही भांडून मिळवावी इतकी मोलाची वस्तू होती, हे त्यातून कळतं. तिच्यावरच चूल पेटायची.

आणि गोवरी धुमसते. पुरेशी हवा मिळाली नाही की जळण अर्धवट होतं; बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साईड घरात साठतो. तो धूर जाई चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. आजही ज्या घरात चूल आहे तिथे हेच चालतं.

गॅस आला म्हणून सगळं संपलं असंही नाही. फोडणीचा ठसका आणि तेलाची वाफ आहेच. घरी चिमणी घ्यायची ठरली तेव्हा, इंजिनिअर होतेस ना, म्हणून निवड माझ्यावर आली. (आजीला वाटलं, रॉकेलची चिमणी आणतोय!) आमचं स्वयंपाकघर तीन मीटर लांब, अडीच रुंद, तीन उंच, म्हणजे साडेबावीस घनमीटर. तासाला बारा वेळा हवा बदलायची तर २७० घनमीटर. पण हे कागदावर. नळीच्या प्रत्येक वळणाला ओढ कमी होते आणि आपली फोडणी जोरदार, म्हणून क्षमता बरीच जास्त घ्यावी. दोन बर्नरला ६० सेंटिमीटर रुंदी पुरते, तीन-चार असतील तर ९०. शेगडीपासून उंची साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर, तरी कंपनीचं पुस्तक पाहावंच. नळी सहा इंची, आखूड, शक्यतो एकाच वळणाची आणि थेट बाहेर जाणारी. कोळशाच्या फिल्टरची बिननळीची चिमणी हवा परत घरातच सोडते. उष्णता आणि दमटपणा तसाच राहतो. जाळीचा फिल्टर आपल्या तेलाने लवकर तुंबतो. बॅफल फिल्टरमध्ये हवा पट्ट्यांमधून वळते, जड थेंबांना वळता येत नाही, ते पट्टीवर आपटून खाली गळतात.

हे सगळं दुकानात कळतं. खरा प्रश्न घरी येतो. तो फिल्टर दर दोन-तीन आठवड्यांनी गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवायचा, पूर्ण वाळवून बसवायचा. ऑटोक्लीन असली तरी तेलाची वाटी हातानेच रिकामी करावी लागते. नाही केलं तर ओढ कमी होते आणि साचलेलं तेल पेट घेऊ शकतं. बहुतेक घरांत हे काम कोणाकडे जातं? आईकडेच. म्हणजे धूर कमी झाला आणि एक काम वाढलं.

इथे मला जनाबाईंचा विठ्ठल आठवतो. त्याने जनीला नवं जातं आणून दिलं नाही. समोर बसून खुंटा धरला. मदत याला म्हणतात. आमच्याकडे आता ठरलंय: फिल्टर भाऊ धुणार, सुट्टीत घरी असले की मी. चिमणी घेणाऱ्याने वॅट आणि घनमीटर जरूर विचारावेत, पण फिल्टर कोण धुणार हे आधी ठरवावं.

परंपरेप्रमाणे १३५० साली नामदेवांबरोबरच जनाबाईंनीही पंढरपूरला देह ठेवला. जवळच्या गोपाळपुरात त्यांचं जातं दाखवतात. वारीला गेलात तर जरूर पाहा. जात्याला दोघींनी बसायची पद्धत होती, हेही ध्यानात ठेवा.