बारा लेकरांची आई आणि कामाची खुर्ची

आमच्या जुहूच्या वस्तीतल्या शिवणवर्गात दहा मशिनी आहेत. सगळ्या पायमशिनी, देणगीतून आलेल्या. त्यांच्या तेलपाण्याची वेगळी वही आहे, दर महिन्याला मिस्त्री येऊन बघून जातो. पण त्या मशिनींसमोर बायका कशावर बसतात, हे पाच वर्षांत आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नव्हतं. कुणी प्लॅस्टिकच्या स्टुलावर, कुणी डुगडुगणाऱ्या बाकावर. एकजण तर तेलाच्या रिकाम्या डब्यावर उशी टाकून बसायची! दुपारचे चार वाजले की सगळ्यांचे हात कमरेवर.

मैत्रिणींनो, मी ही गोष्ट कधी लक्षात घेतली नसती. पण शेजारची एक मुलगी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात गृहविज्ञान शिकते. ती एकदा वर्गावर आली आणि बायकांकडे बघायचं सोडून स्टुलांकडेच बघत बसली. गृहविज्ञानात अर्गोनॉमिक्स शिकवतात, हे मला तिच्याकडून कळलं. आम्ही आपले बी.ए.वाले, गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक आणि भरतकाम असं समजणारे. अर्गोनॉमिक्स म्हणजे काम, अवजारं, ओटा, खुर्ची हे सगळं माणसाच्या शरीराला जुळेल असं करण्याचं शास्त्र. तिनेच मला लिलियन गिल्ब्रेथ या बाईंचं नाव सांगितलं. मग मिळेल ते वाचत गेले आणि चकित होत गेले.

लिलियन मोलर जन्मली 1878 साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड गावी. घर श्रीमंत, भावंडांत ही थोरली, स्वभावाने अगदी बुजरी. मुलींनी फार शिकू नये असं वडिलांचं मत होतं, तरी तिने हट्टाने बर्कलेच्या विद्यापीठात साहित्य घेऊन 1900 साली पदवी मिळवली. त्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायला उभी राहिलेली ती तिथली पहिली मुलगी. म्हणजे आपल्यासारखी आर्ट्‌सवाली बरं का!

1904 मध्ये तिचं लग्न झालं फ्रँक गिल्ब्रेथशी. हा गडी कॉलेजात गेलाच नव्हता. गवंड्याच्या हाताखाली विटा रचता रचता मोठा कंत्राटदार झालेला. वीट रचताना गवंडी 18 हालचाली करतो आणि दर विटेला कमरेत वाकतो, हे त्याने मोजलं होतं. मग त्याने विटा गवंड्याच्या हाताच्या उंचीला येतील अशी वरखाली होणारी परात बांधली. हालचाली चार-पाचावर आल्या, वाकणं संपलं. इतकी साधी गोष्ट, पण शेकडो वर्षं कुणाच्या डोक्यात आली नव्हती. गवंड्याची कमर हा विचार करण्याचा विषय आहे, असंच कुणाला वाटलं नव्हतं ना!

दोघांनी मिळून कारखान्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. हालचाली फ्रँक मोजायचा, माणसाच्या मनाचं लिलियन बघायची. 1905 ते 1922 या काळात बारा मुलं झाली, त्यातली एक लेक लहानपणीच घटसर्पाने गेली. अशा बाळंतपणांच्या मधे या बाईने 1915 मध्ये ब्राऊन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्याआधी व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं, तेव्हा लेखिका बाई आहे हे कळू नये म्हणून प्रकाशकाने नुसती आद्याक्षरं छापली.

आता खुर्चीकडे येते. 1916 साली, म्हणजे इकडे महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं त्याच वर्षी, तिकडे या नवराबायकोचं थकव्यावरचं पुस्तक आलं. कारखान्यांत तेव्हा सर्रास उभं राहून काम चाले. बसलेला कामगार म्हणजे आळशी, हा मालकांचा हिशेब. जिथे बसायला मिळे, तिथे एखादं खोकं किंवा पाठ नसलेलं स्टूल. गिल्ब्रेथ दांपत्याने गावोगावच्या कारखान्यांतून कामगारांनी स्वतः जमवलेल्या खुर्च्या आणि त्यांचे फोटो गोळा केले आणि ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स गावात थकवा घालवणाऱ्या वस्तूंचं चक्क एक छोटं संग्रहालय मांडलं. खुर्च्यांचं संग्रहालय, आणि त्यात राजाचं सिंहासन एकही नाही!

त्यांचं म्हणणं साधं होतं. पाठीला टेकण हवं, पायाखाली पाट हवा, पाय लोंबकळता कामा नयेत. टेबल इतकं उंच हवं की उंच खुर्चीवर बसूनही तेच काम करता यावं आणि वाटलं तर उभं राहूनही. एका जागी एकाच पद्धतीने तासन्‌तास राहणं हाच थकवा. रुमालांच्या घड्या घालणाऱ्या मुलींवर त्यांनी हे करून पाहिलं. पाच मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती. तासातला काही वेळ बसून काम, काही वेळ उभ्याने, आणि अधूनमधून चक्क फिरून येऊन गप्पा मारायच्या. घड्यांचं काम कमी व्हायला हवं होतं, ते तिप्पट झालं.

आता यात मालकाचाच फायदा नाही का, असा प्रश्न तेव्हाच्या कामगार संघटनांनाही पडला होता, आणि तो चुकीचा नव्हता. घड्याळ घेऊन हालचाली मोजणारा माणूस कामगाराच्या भल्यासाठीच आलाय असं कोण मानेल? मला वाटतं, लिलियनचं मोठेपण इथेच आहे. वेगापेक्षा थकव्याचं मोजमाप तिने महत्त्वाचं मानलं.

14 जून 1924. फ्रँक रेल्वे स्टेशनवरून घरी फोनवर तिच्याशीच बोलत होता, आणि बोलता बोलता हृदयविकाराने गेला. वय 55. पदरात अकरा मुलं, धाकटी दोन वर्षांची. युरोपात त्याची व्याख्यानं ठरलेली होती. काही दिवसांतच ही बोटीवर चढली आणि त्याच्या जागी बोलून आली. परत आली तर कारखान्यांची कामं गळायला लागलेली. नवऱ्याबरोबर चालणारी बाई एकटी चालेना.

मग तिने काय करावं? बाईला जे कळतं असं जग मानतं, तेच दार तिने ठोठावलं... स्वयंपाकघराचं! गॅस कंपनीसाठी, विजेच्या उपकरणांच्या कंपनीसाठी हजारो बायकांना विचारून ओट्याची, शेगडीची, मोरीची उंची किती असावी ते पाहिलं. ओटा बाईच्या उंचीप्रमाणे हवा, सगळ्यांना एकच माप चालणार नाही, हे तिने ठासून सांगितलं. फ्रिजच्या दारातले कप्पे आणि पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा यांचं श्रेयही तिलाच देतात. 1933 च्या शिकागो प्रदर्शनात तिने गृहिणीसाठी एक टेबल मांडलं. त्यात घड्याळ, टेलिफोन, हिशेबाचं यंत्र, घरच्या कागदपत्रांचे कप्पे. घर चालवणारीलाही ऑफिस लागतं, हे त्या काळात सुचणं म्हणजे कमालच. पुढे हृदयविकार असलेल्या आणि अपंग बायकांना बसून रांधता येईल अशी स्वयंपाकघरंही तिने आखली.

एक गंमत सांगते. या बाईंना स्वतःला स्वयंपाक फारसा येत नव्हता! घरी कामाला माणसं होती आणि घरचं स्वयंपाकघर म्हणे अगदीच गैरसोयीचं होतं. मला तर हे वाचून बरं वाटलं.

पर्ड्यू विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. दोन मुलांनी घराच्या आठवणी लिहिल्या, त्यावर 1950 मध्ये ‘चीपर बाय द डझन’ हा सिनेमा निघाला. पण त्यात हसवतो तो फ्रँक, बाई मागेच राहते. 1972 च्या जानेवारीत, 93 व्या वर्षी त्या गेल्या.

आज ऑफिसांत मागे झुकणाऱ्या, वरखाली होणाऱ्या, कमरेच्या खळग्याला आधार देणाऱ्या खुर्च्या दिसतात. पुढच्या काळात स्वीडनमधल्या डॉक्टरांनी मणक्यांच्या चकत्यांवरचा दाब प्रत्यक्ष मोजला. आधाराशिवाय बसलं तर तो उभं राहण्यापेक्षा जास्त असतो, आणि पाठ मागे टेकून रेललं की उतरतो, असं दिसलं. म्हणजे आजोबांची आरामखुर्ची काही चुकीची नव्हती. शिवताना रेलता येत नाही हे खरं, पण दोन शिवणींच्या मधे तर येतं.

तसल्या महाग खुर्च्या आमच्या वर्गाला परवडणाऱ्या नव्हत्या. शाळेतल्या जुन्या लाकडी खुर्च्या भंगारात निघत होत्या, त्या मागून आणल्या. ठेंगण्या बायकांसाठी बुडाखाली जाड गाद्या शिवल्या, पाठीला चिंध्या भरलेल्या लोडासारख्या उशा बांधल्या. दर अर्ध्या तासाला उठून पाणी प्यायला जायचं, असा नियम केला. त्यावरून पहिल्या आठवड्यात भांडणच झालं, वेळ वाया जातो म्हणून. तेलाच्या डब्यावर बसणारीने मात्र खुर्ची घेतली, आणि डबा पायाखाली ठेवला. तो तिच्या मापाला बरोबर बसला.