ड्रॉइंगच्या वर्गातून शेताच्या बांधावर: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

मित्रांनो, फोनवर व्हिडिओ बघून आपण काहीही शिकू शकतो. थ्रीडी डिझाइन, कोडिंग, सर्किट, सगळं. पण शिकलेलं वापरायचं कुठे, हा प्रश्न आला की बरेच जण अडकतात. म्हणून आज जरा जुनी गोष्ट बघूया. मोबाईल सोडाच, गावात वीजही नव्हती तेव्हाची.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात मन रमत नव्हतं. आवड दोनच गोष्टींची: चित्रं आणि यंत्रं. वडिलांची फारशी इच्छा नसतानाही ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. खर्चाचा भार थोरले भाऊ रामूअण्णा यांनी उचलला. दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराला रंगच कळत नसतील तर करणार काय? रंगकाम सुटलं, पण पेन्सिल सुटली नाही. ते यांत्रिक रेखाटनाकडे, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, हाच विषय शिकवू लागले.

मेकॅनिकल ड्रॉइंग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एखादा भाग समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल, ते मापांसह कागदावर काढायचं. असं, की ती वस्तू कधीही न पाहिलेल्या कारागिरालाही ती हुबेहूब बनवता यावी. आज कॅड सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही मॉडेल फिरवून बघता ना, तेच काम तेव्हा डोक्यात आणि कागदावर चालायचं.

इथे लक्ष्मणरावांनी एक गोष्ट केली, जी मला त्यांच्या सगळ्या कामगिरीत मोठी वाटते. तास संपला की ते तिथल्या वर्कशॉपमध्ये जायचे. शिक्षक असूनही हात काळे करायचे, यंत्रं स्वतः चालवून बघायचे. फळ्यावर काढलेली रेघ लोखंडात उतरताना कुठे चुकते, हे त्यांना तिथे कळलं.

मुंबईतच त्यांनी पहिल्यांदा माणसाला सायकल चालवताना पाहिलं. मग दोघा भावांनी व्यवसाय जमवला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. नुसत्या विकायचे नाहीत हां, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे आणि त्याचे पैसे वेगळे घ्यायचे! नवं गॅजेट विकायचं तर वापरायला शिकवावं लागतं, हे या भावांना तेव्हाच उमगलं होतं. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात १८८८ सालच्या याच सायकल दुकानापासून धरतो.

पुढे मुंबईच्या नोकरीत त्यांची बढती डावलली गेली आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, बेळगाव गाठलं आणि छोटा कारखाना काढला. पहिला माल होता कडबा कापायचं यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

नांगरच का? तेव्हाचा लाकडी नांगर जमीन फक्त ओरबाडायचा. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्यामागचा वळणदार भाग माती उचलून उलटी करतो. हराळी, कुंदा असलं चिवट तण मुळासकट वर येतं आणि उन्हात वाळतं. विलायती लोखंडी नांगर मिळायचे, पण लक्ष्मणरावांना तो इथेच बनवायचा होता.

आता यातली तांत्रिक गंमत बघा. तो वळणदार भाग सपाट नसतो, त्याला पीळ असतो. तो आधी कागदावर काढायचा, मग त्यावरून लाकडी नमुना करायचा. नमुना ओल्या वाळूत दाबून पोकळी तयार करायची आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. बीड थंड होताना आकसतं, साधारण फुटाला एक अष्टमांश इंच. म्हणून नमुना मुद्दाम तेवढा मोठा ठेवावा लागतो. नाहीतर ड्रॉइंग बरोबर आणि वस्तू चूक! थ्रीडी प्रिंट करताना माप जुळलं नाही म्हणून ज्यांनी डोकं धरलंय, त्यांना हे लगेच कळेल.

नांगर तयार झाला, आणि कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता. हसू येईल, पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. वर्षाचं पीक पणाला लावून कोण प्रयोग करेल? पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, म्हणतात. पैसा अडकलेला, माल पडून. या काळात लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही आणि नांगर बनवणंही सोडलं नाही. ज्यांनी वापरला त्यांच्या शेतात फरक दिसला, तसा शेजाऱ्यांचाही विश्वास बसू लागला.

जरा बरे दिवस येतात तोच बेळगावात वसाहत वाढवण्यासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचं कर्ज मिळालं. जमीन कसली, निवडुंगाचं आणि सापांचं माळरान! १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली.

सोबत कोण होतं, तेही बघण्यासारखं आहे. कॉलेज अर्धवट सोडलेले शंभूराव जांभेकर इंजिनियरचं काम बघायचे. शाळाही पुरी न केलेले अनंतराव फळणीकर तिथे काम करता करता कल्पक तंत्रज्ञ झाले. तुरुंगात जाऊन आलेल्यांवर रात्रीच्या पहाऱ्याचा भरवसा टाकला होता. लक्ष्मणराव माणसाचं सर्टिफिकेट नव्हे, काम बघायचे.

म्हणजे त्यांना कॉलेजचं शिक्षण नकोच होतं, असं मात्र समजू नका. मुलगा शंतनुराव यांना त्यांनी थेट अमेरिकेत एमआयटीत पाठवलं. १९२६ मध्ये इंजिनियर होऊन ते परत आले ते याच माळावरच्या कारखान्यात. पुढे किर्लोस्करांची डिझेल इंजिनं गावोगावच्या विहिरींवर धडधडू लागली, त्यात शंतनुरावांचा वाटा मोठा.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. पुणे–मिरज मार्गावर रेल्वेने गेलात तर कुंडल रोड नावाचं स्टेशन आता दिसणार नाही. त्या जागी पाटी आहे ती किर्लोस्करवाडीची.