नाकारलेला अर्ज

कला शाखेच्या अंकात एका जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंचे चरित्र कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. मराठीच्या तासाला दुर्गाबाई भागवतांचे नाव आपण सारेच ऐकतो. ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ आपण वाचलेले असते, निदान वाचल्याचे सांगतो तरी. कऱ्हाडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवून आणीबाणीला उघड विरोध करणाऱ्या दुर्गाबाई परीक्षेपुरत्या का होईना, आपल्या ओळखीच्या असतात. त्याच घरात वाढलेली त्यांची धाकटी बहीण मात्र आपल्याला ठाऊक नसते. एकीने लेखणी धरली, दुसरीने परीक्षानळी. दोघींची हट्टाची जात एकच. या धाकट्या बहिणीची, म्हणजे डॉ. कमला सोहोनी यांची, हकीकत मी येथे सांगणार आहे. त्यातही मला विशेष सांगावयाचे आहे ते एका अर्जाविषयी.

कमलाबाई माहेरच्या भागवत. विसाव्या शतकाचे दुसरे दशक सुरू झाले त्या सुमारास त्यांचा जन्म इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरला १९०९ साली स्थापन झालेल्या टाटांच्या विज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी ते होते. त्या घरात बंगलोरच्या संस्थेचे नाव आपल्याकडे आळंदीचे निघावे तसे निघत असणार. तेव्हा मुलीने रसायनशास्त्र घेतले यात नवल काही नाही. मुख्य विषय रसायन आणि दुय्यम विषय पदार्थविज्ञान घेऊन १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत बसल्या आणि गुणवत्ता यादीत पहिल्या आल्या. पुढे संशोधन करायचे आणि तेही वडील-चुलते जेथे शिकले तेथेच, हे त्यांनी ठरवूनच टाकलेले होते. त्यांनी बंगलोरला अर्ज पाठवला.

अर्ज नामंजूर झाला.

विद्यापीठात पहिली आलेल्या उमेदवाराचा अर्ज नामंजूर व्हावा असे त्यात काय होते? गुण कमी नव्हते, विषय चुकलेला नव्हता, मुदतही टळलेली नव्हती. अर्जदार मुलगी होती, एवढेच. आणि अर्ज नाकारणारे गृहस्थ कोणी कारकून नव्हते. ते होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवून आलेले आणि त्याच १९३३ साली संस्थेचे पहिले भारतीय संचालक झालेले. बायकांच्या हातून संशोधन व्हायचे नाही, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी लपवले नाही.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. रामन यांचे चरित्र आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. ते सरकारी अर्थखात्यात नोकरीला होते. कलकत्त्यातील एका विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत, कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर, पहाटे आणि रात्री जाऊन त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती, परदेशी शिक्षण नव्हते. कोणीतरी दार उघडे ठेवले म्हणून ते आत जाऊ शकले. असा माणूस जेव्हा स्वतः दाराशी उभा राहिला तेव्हा त्याने दार लावून घेतले. मोठ्या माणसांची ही मोठी अडचण असते. आपण ज्या फटीतून आत आलो ती फट त्यांना पुढे दिसेनाशी होते. रामन यांचे मोठेपण यामुळे कमी होते असे मी म्हणत नाही. पण त्या मोठेपणाबरोबर हेही लिहिले गेले पाहिजे.

कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि संचालकांसमोर उभ्या राहिल्या. नकाराचे कारण त्यांनी तोंडावर विचारले. प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही म्हणून त्यांनी रामन यांच्या कचेरीपुढे सत्याग्रह केला, असे सांगितले जाते. दांडीची यात्रा होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. सत्याग्रह हा शब्द त्या काळच्या मुलामुलींच्या तोंडी नुसता भाषणापुरता नव्हता. मिठासाठी जे शस्त्र उचलले गेले ते एका मुलीने प्रयोगशाळेच्या दारात उचलले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात यायला हवी होती.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नव्हते. काम पसंत पडले तरच ते मान्य होणार होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-बेरात्रीसुद्धा, काम करावे लागणार होते. आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडवायचे नाही, अशीही एक अट होती. ही शेवटची अट वाचताना संताप येतो. परीक्षेत पहिली आलेली मुलगी वातावरण बिघडवणार म्हणजे काय करणार होती? कमलाबाईंनाही हा अपमान आयुष्यभर विसरता आला नाही. उतारवयात एका सत्काराच्या प्रसंगी त्यांनी तो बोलूनही दाखवला आणि रामन थोर शास्त्रज्ञ असले तरी मनाने संकुचित होते, असा स्पष्ट अभिप्राय दिला. पण १९३३ मध्ये त्यांनी अटी मान्य केल्या आणि आत गेल्या. आधी आत जायचे, मग भांडायचे, हा त्यांचा हिशेब असावा. मला तो पटतो.

त्यांना मार्गदर्शक मात्र फार चांगले लाभले. श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक, पण ज्याला शिकायचे आहे त्याला हातचे काही राखून न ठेवणारे गुरू होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाअखेर रामन यांना ते काम पाहून आपला हेका सोडावा लागला. कमलाबाई रीतसर विद्यार्थिनी झाल्या आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ साली हेच संशोधन मुंबई विद्यापीठाला सादर करून त्यांनी एम.एस्सी. मिळवली.

आमच्या भागातील एका मुलीची गोष्ट या ठिकाणी आठवते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, चांगल्या गुणांची. पीएच.डी.साठी तिने अर्ज केला, प्रवेशपरीक्षा दिली, संशोधनाचा आराखडा तयार केला आणि मुलाखतीला गेली. कोठे ते लिहीत नाही. विषयावरचे दोन-तीन प्रश्न झाले आणि मग लग्न कधी करणार, सासरचे पाच वर्षे थांबतील का, असे सुरू झाले. आता अटी कागदावर लिहून देत नाहीत, एवढाच फरक. यादीत तिचे नाव लागले नाही. ती पुन्हा फॉर्म भरते आहे. कमलाबाईंचे चरित्र मी प्रथम तिच्याचकडून ऐकले.

बंगलोरनंतर केंब्रिज. मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांच्या बळावर कमलाबाई विलायतेला गेल्या आणि न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजात दाखल झाल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स तेथे जीवरसायनाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या विभागात कमलाबाईंना जागा मिळाली. जागा म्हणजे किती? डॉ. डेरेक रिश्टर यांनी आपल्या खोलीतील एक टेबल त्यांना दिवसा काम करायला दिले. रात्री रिश्टरसाहेब त्याच टेबलावर पाय पसरून झोपत, असे सांगतात. बंगलोरच्या अटींची यादी वाचल्यावर हे टेबल मला फार मोठे वाटते.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करू लागल्या आणि तेथे त्यांच्या हाती आला बटाटा. आपल्या सातगाव पठारावर पिकतो तोच. प्राणी काय, वनस्पती काय, प्रत्येक जिवंत पेशीला शक्ती लागते आणि त्यासाठी बहुतेक पेशींना प्राणवायू वापरावा लागतो. हे काम एका झटक्यात होत नाही. विहीर खणताना मातीचे घमेले जसे तळापासून काठापर्यंत हातोहात वर येते, तसे पेशीतील इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे देत देत शेवटी प्राणवायूपर्यंत पोचवले जातात. या रांगेतील एक हात म्हणजे सायटोक्रोम सी हे लोहयुक्त प्रथिन. केंब्रिजच्याच डेव्हिड कीलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमांचा उलगडा केला होता. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करून दाखवून दिले की वनस्पतीच्या पेशीपेशींत हे सायटोक्रोम सी असते आणि तेथील श्वसनात त्याचा वाटा असतो. म्हणजे बटाट्याची पेशी आणि आपल्या शरीरातील पेशी श्वास घेण्याच्या बाबतीत एकाच रीतीच्या. हा विचार मला शास्त्राचा कमी आणि संतांचा अधिक वाटतो. पण असो.

हे सारे त्यांनी प्रबंधात मांडले. प्रबंध किती पानांचा? टंकलिखित चाळीस पानांचा. केंब्रिजला पोचल्यापासून चौदा महिन्यांत संशोधनही झाले आणि लेखनही. आपल्याकडे प्रबंध वजनावर मोजण्याची रीत आहे, म्हणून हा आकडा मुद्दाम देते. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. त्या काळी केंब्रिज तरी कोठे सर्वस्वी उदार होते? विद्यार्थिनींना पदवी मिळे ती नावापुरती. विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व स्त्रियांना मिळाले ते १९४८ मध्ये. बंगलोरने दार लावले आणि केंब्रिजने उघडले, असे सोपे चित्र काढणे म्हणून बरोबर नाही. केंब्रिजने ओसरीवर घेतले, इतकेच म्हणता येईल.

कमलाबाईंचा उल्लेख विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा सर्रास केला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती, तेव्हा हा शब्द जपून वापरावा हे बरे. पहिली कोण, याची चुरस आपण लावतो, त्यांनी ती लावली नव्हती. उलट बाजूही आहे. रामन यांच्याच प्रयोगशाळेत पुढे काम केलेल्या अण्णा मणी यांचा प्रबंध १९४५ मध्ये तयार होऊनही, एम.एस्सी. नाही एवढ्या कारणावरून त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. थोरल्या दुर्गाबाईंचाही डॉक्टरेटचा अभ्यास आजारपणामुळे अर्धवट राहिला. अर्ज मंजूर होणे आणि पदवी हाती पडणे यांमध्ये असे बरेच अंतर असते.

१९३९ मध्येच कमलाबाई मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत सहायक संचालक. १९४७ साली ॲक्च्युअरी असलेल्या श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा नवा विभाग निघाला होता. त्या तेथे प्राध्यापक झाल्या. संस्थेचे संचालकपद त्यांना पुढे मिळाले, पण अंतर्गत राजकारणामुळे ते काही वर्षे रखडले. बंगलोरचा अर्ज त्यांच्या पाठीमागे असा फिरतच राहिला म्हणायचे.

मुंबईतील त्यांचे संशोधन मात्र थेट आपल्या स्वयंपाकघरात येते. वाल आपल्याकडे कच्चे कोणी खात नाही. भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि मग डाळिंब्यांची उसळ शिजते. आजीला कारण विचारले तर कच्चे बाधतात, एवढेच ती सांगेल. प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन नावाचे एक विकर आपल्या आतड्यात काम करते. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्ये असतात आणि शिजवल्यावर त्यांचा जोर बराच ओसरतो. वालातील आणि डबल बीनमधील असे द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे करण्याचे काम कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. आजीचे शहाणपण आणि केंब्रिजचे शिक्षण अशी ती गाठ होती.

दुसरे काम नीरेचे. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. नीरा आणि तिच्यापासून केलेला गूळ यांत अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह यांचा चांगला साठा असतो, असे त्यांना आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही दिसून आले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. खिरेश्वर, कोपरे-मांडवे इकडून घाटाच्या पावसात भिजत जी मुलेमुली शिकायला बाहेर पडतात त्यांना कुपोषण हा शब्द वर्तमानपत्रातून शिकावा लागत नाही. शिंदीची झाडे आपल्याही भागात आहेत. ती बहुधा वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहेत, हा भाग निराळा.

आरे दूध योजनेच्या त्या सल्लागार होत्या. दूध नासू नये म्हणून काय करावे याची पद्धत त्यांनी घालून दिली. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांच्या हक्कांसाठी नऊ स्त्रियांनी मुंबईत १९६६ साली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ही संस्था काढली. तिच्या संस्थापकांत त्या होत्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. मुलांसाठी मराठीतून विज्ञानाची पुस्तकेही लिहिली. भागवतांच्या घरची लेखणी अखेर याही बहिणीच्या हाती आलीच.

सरकारदरबारी त्यांची आठवण व्हायला बराच उशीर झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी डॉ. सत्यवती या एक स्त्री आल्या, तेव्हा त्यांनी कमलाबाईंना सत्कारासाठी दिल्लीला बोलावले. वय ऐंशीच्या पुढे गेलेले. तरी त्या मुंबईहून गेल्या. सभागृह भरलेले असताना समारंभातच त्या कोसळल्या. त्यानंतर थोड्याच काळात, १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले.